गाडी रस्त्याला धरून चालावी म्हणून



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीची डागडुजी करून घेतो. घरची जीप किंवा मोटार मात्र तशीच राहते. ‘चालते ना, मग झालं!’ असे आपण म्हणतो. पण हंगामात याच गाडीतून रात्री-अपरात्री कारखाना, दवाखाना, तालुका असे हेलपाटे होतात. उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली एकदम पुढ्यात येते आणि स्टेअरिंग झटक्यात वळवावे लागते. त्या वेळी गाडी ताब्यात राहते की नाही, हे पाटे, शॉकॲब्सॉर्बर आणि टायर यांवर फार अवलंबून असते.

आपल्याकडचे रस्ते

गेवराई, माजलगावकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मग लाटांसारखा खालीवर होतो. इकडे बालाघाटात मांजरसुंब्याचा आणि धारूरचा घाट वळणावळणाचा. म्हणजे आपली गाडी लाटांवर मऊ चालली पाहिजे आणि वळणावर फार कलताही कामा नये. या दोन्हींचा मेळ घालणे हेच खरे काम आहे.

पाट्याचे काम वेगळे, शॉकॲब्सॉर्बरचे वेगळे

जुन्या जीपला चारी बाजूंनी पाटे असत. बोलेरोला पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. पाटा किंवा स्प्रिंग धक्का गिळत नाही, फक्त साठवते आणि लगेच परत देते. तो परत आलेला जोर शॉकॲब्सॉर्बर जिरवतो. त्यातले तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि धक्क्याची उष्णता होऊन जाते. शॉकॲब्सॉर्बर गेलेला असेल तर ट्रॉली चुकवताना गाडी एकीकडे झुकते आणि परत वळवताना दुसरीकडे त्याहून जास्त फेकली जाते. गाडी उलटण्याचा धोका या दुसऱ्या झोक्याला असतो.

जादा पाटा घालण्याचा मोह

खताची पोती, मोटारपंप न्यायचा म्हणून पुष्कळ जण मागे जादा पाटा घालून घेतात. पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा घातला की कडकपणा ढोबळ मानाने एक-पंचमांशाने वाढतो. जाडी दुप्पट केलेला पाटा मात्र आठपट कडक होतो. वजन असेतो ठीक, पण रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, मागचे चाक जमीन सोडते आणि वळणावर शेपूट सरकते. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना पकड राहते. स्प्रिंग कापून गाडी बसकी करणेही तसेच. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही. उलट गाडी उंच केली तर वळणावर जास्त वजन बाहेरच्या चाकांवर जाते. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही.

आधी काय, मग काय

1. हवा : टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग. सकाळी, टायर थंड असताना तपासा. दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात रिकाम्या व भरल्या गाडीचे आकडे दिलेले असतात.

2. टायर : त्यावरून तळहात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखे लागले तर अलाइनमेंट बिघडली आहे. गोटा झालेल्या टायरवर दुसरा कोणताही खर्च वाया जातो.

3. बुश आणि बोल्ट : भेगाळलेले रबरी बुश, ढिले यू-बोल्ट, खेळणारे बॉल जॉइंट आधी बदला. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. जॅकवर लटकत्या चाकाने आवळले तर रबर पिळून लवकर फाटते. मिस्त्रीजवळ उभे राहून हे पाहा.

4. शॉकॲब्सॉर्बर : अंगावर तेल ओघळले असेल किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा डुलली, तर जोडी बदला. एकच बदलला तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत.

5. अलाइनमेंट : वरचे सगळे झाल्यावर, शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

एवढे करूनही वळणावर गाडी कलते असे वाटले तरच सुधारणेचा विचार करावा. आधी चांगले टायर, मग त्याच गाडीसाठी बनवलेले चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर, आणि पाटे सर्वांत शेवटी. जे बदलाल ते एका वेळी एकच बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

बहुतेक गाड्यांना नवे काही लागतच नाही, झिजलेले पूर्ववत केले की पुरते. शेतात बांध फुटला तर आपण आधी बांध घालतो, मग जादा पाणी सोडतो. गाडीचेही तेच. ऊस रस्त्यावर येण्याआधी एक दिवस यासाठी काढावा, अशी सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.