समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतून पाणबुडीकडे

मराठी माणूस नौदलावर लिहायला बसला की सुरुवात ठरलेली असते : शिवछत्रपतींचे आरमार, खांदेरीचा किल्ला, कान्होजी आंग्रे आणि मग कोकणची किनारपट्टी. हा इतिहास खरा आहे, अभिमानाचाही आहे. पण तो सतत याच क्रमाने सांगितल्यामुळे एक समजूत घट्ट रुजली आहे, की दर्यावर्दीपणा किनाऱ्यावर जन्मणाऱ्यांच्या रक्तात असतो आणि घाटावरच्यांनी, त्यातही मराठवाड्यातल्यांनी, त्या वाटेला जाऊ नये. निजामाच्या ज्या राज्यात नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत होते, त्या राज्याला समुद्रकिनारा नव्हताच. त्यामुळे इथल्या घरांत पोलीस भरती, सैन्यभरती, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी यांची चर्चा होते, पण नौदलाधिकाऱ्याचे नाव निघत नाही. पाणबुडी दलापुरती तरी ही समजूत साफ चुकीची आहे, आणि त्या दलातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची कारकीर्द कशी घडते हे नीट पाहिले तर ती टिकत नाही, असे मला दाखवायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या दलाला वारसाच नाही. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा बंदरात नौदलात दाखल झाली; कमांडर के. एस. सुब्रमणियन तिचे पहिले प्रमुख. त्याआधी काही अधिकारी ब्रिटिश नौदलाकडे शिकून आले होते, नंतरच्या तुकड्या रशियात गेल्या. रत्नागिरीचा असो, राजस्थानचा असो की पंजाबचा, त्यातल्या कुणाच्याही वडिलांनी किंवा आजोबांनी पाणबुडी चालवली नव्हती. रशियन भाषेतील यंत्रपुस्तिका, अनोळखी पंप आणि झडपा, पाण्याखालचा दाब, हे सगळ्यांनी शून्यापासून शिकले. गलबताच्या शिडाला वारा कसा लागतो याचे पिढीजात ज्ञान तिथे उपयोगाचे नव्हते. कोकण आणि मराठवाडा या दलाच्या दारात एकाच पायरीवर उभे होते. पुढच्या साठ वर्षांत ती बरोबरी मोडली असेल तर त्याचे कारण माहितीचा अभाव हे आहे.

दुसरी गोष्ट त्या कामाच्या स्वरूपाची. त्या पहिल्या जातीची ‘कुरसुरा’ आज विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी विज्ञानशाखेची सहल एकदा तरी तिथे न्यावी असे माझे मत आहे. सुमारे ९१ मीटर लांबी, दहा टॉर्पेडो नळ्या, २२ टॉर्पेडो आणि त्यांच्यातून उरलेल्या जागेत ७५ माणसे. आत शिरणाऱ्याला लगेच जाणवते, की इथे खिडकी नाही. पाणबुडीतल्या माणसाला समुद्र दिसत नाही, तो ऐकू येतो आणि मोजावा लागतो. पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलली की आवाजाची वाट वाकते. शत्रूचा सोनार कोणत्या थरात आंधळा होतो हे त्यावरून ठरवायचे. इंधन, पाणी, टॉर्पेडो यांचे वजन इकडचे तिकडे झाले की बोटीचा तोल नव्याने साधायचा. डिझेलवर चालणाऱ्या बोटीत बॅटरीत किती वीज उरली, ती किती वेगाने संपेल, श्वासनळीसारखी नळी वर काढून ती पुन्हा भरायला कधी परवडेल, याचा हिशेब डोक्यात अखंड चालू ठेवायचा. आर्किमिडीजचे तत्त्व, ध्वनिलहरींचे अपवर्तन, विद्युत्परिपथ : लातूर-नांदेडची मुले अकरावी-बारावीला दिवसरात्र घोकतात तेच हे विषय. फरक एवढाच, की इथे चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, ७५ जणांचा जीव धोक्यात येतो.

अधिकाऱ्याची वाटचालही याच रीतीची आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा एळिमला येथील नौदल अकादमीतून बाहेर पडलेला तरुण आधी इतर जहाजांवर पहारा सांभाळायला शिकतो आणि मग पाणबुडीसाठी पुढे येतो. पुढचे शिक्षण विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’ या तळावर होते. ज्या घराण्याची राजधानी पैठणला होती आणि ज्याच्या काही नाण्यांवर जहाजे कोरलेली आहेत, त्याचे नाव भारतीय पाणबुडी शाळेला आहे. नांदेडच्या घाटाला लागणारी गोदावरी आधी त्याच पैठणहून येते. तिथे वर्गातले धडे होतात, बुडालेल्या बोटीतून सुटून वर येण्याचा सराव होतो आणि मग प्रत्यक्ष पाणबुडीवर खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे जाते, कोणती झडप कुठे आहे, हे अंधारात हाताने चाचपडून सांगता आले पाहिजे. आपल्या विभागाचेच ज्ञान असून भागत नाही. यंत्रकक्षातल्या माणसाला टॉर्पेडो कक्ष आणि टॉर्पेडोवाल्याला बॅटरी कळली पाहिजे. ते जमले की छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागते. पुढे दुय्यम अधिकारी, मग कमांडसाठीची स्वतंत्र आणि कठोर निवड, आणि साधारण दीड दशकाच्या नोकरीनंतर एक संपूर्ण बोट हाती. त्यानंतरचे टप्पे कॅप्टन, कमोडोर आणि शेवटी विशाखापट्टणमला बसून सर्व पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाची आणि सज्जतेची जबाबदारी वाहणारे ‘फ्लॅग ऑफिसर सबमरीन्स’. या संपूर्ण शिडीत जन्मगाव विचारणारी एकही पायरी नाही.

ही शिडी माणसाला काय बनवते हे मराठी वाचकाने कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांच्या कारकिर्दीत पाहावे. ४ सप्टेंबर १९६९ रोजी ‘करंज’ ही पाणबुडी नौदलात आली, तेव्हा ते तिचे पहिले कमांडर होते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात त्यांना पाणबुडीतून काढून एका गुप्त मोहिमेवर नेमण्यात आले. पाकिस्तानसाठी फ्रान्समधील तूलाँ येथे सज्ज होत असलेल्या ‘मंग्रो’ या पाणबुडीवरचे आठ बंगाली नौसैनिक पळून भारतात आले होते. त्यांच्या आणि भारतीय नौदलाच्या मदतीने प्लासीजवळच्या छावणीत खेड्यापाड्यांतली बंगाली मुले पाण्याखालून सुरुंग लावायला शिकली. १५-१६ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांवर एकाच वेळी हल्ले झाले. इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून वाजवलेल्या गाण्यांतून दिला गेला. नौदल गुप्तवार्ता विभागाच्या देखरेखीखाली या साऱ्याची सूत्रे सामंत सांभाळत होते. डिसेंबरमध्ये ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या बंदरी कामाच्या बोटींवर तोफा बसवून, सोबत ‘आयएनएस पनवेल’ घेऊन ते स्वतः मोंगला आणि खुलनापर्यंत नदीतून चढत गेले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून पद्मा आणि पलाशवर हल्ला केला. पलाशवरचे रुहुल अमीन त्यात कामी आले. बांगलादेशाने त्यांना आपला सर्वोच्च ‘बीर श्रेष्ठो’ सन्मान दिला. दोन बोटी पेटलेल्या असताना सामंतांनी माणसे वाचवली आणि मोहीम सोडली नाही. त्यांना महावीर चक्र मिळाले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आता कुणी म्हणेल, की महावीर चक्र पाणबुडीवर मिळालेच नाही, मग हे उदाहरण इथे कशाला? मला ते त्याच कारणाने मोलाचे वाटते. गुप्तता, अपुऱ्या माहितीवर निर्णय, वरून मदत येणार नाही हे गृहीत धरून चालणे : हे गुण पाणबुडीत घडले आणि दुसऱ्याच रणांगणावर कामी आले.

त्याच ‘करंज’वर युद्धकाळात पुढचे कमांडर होते विजयसिंह शेखावत. भारतीय पाणबुड्यांवर त्या वेळी कडक बंधन होते : लक्ष्य शत्रूचेच आहे याची डोळ्यांनी खात्री पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. तटस्थ देशांची व्यापारी जहाजे वावरत असलेल्या पाण्यात याचा अर्थ, हातात बावीस टॉर्पेडो असूनही हात आवरून बसायचे. याच युद्धात, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने आपली ‘खुकरी’ बुडवली आणि १९४ जण गेले. पाण्याखालच्या एका बोटीची ताकद देशाला तेव्हा कळली. शेखावत वीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९९३ मध्ये नौदलप्रमुख झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले पाणबुडी अधिकारी. १० मार्च २०२१ रोजी माझगाव डॉकने बांधलेली नवी ‘करंज’ नौदलात आली, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तेच उभे होते. आणि २०१७ मध्ये दाखल झालेल्या नव्या ‘कलवरी’चे पहिले कमांडर कॅप्टन एस. डी. मेहेंदळे होते, हे मराठी वाचकाला सांगायला आनंद वाटतो.

मग नांदेड-लातूरला आडवे काय येते? दिल्लीचे अंतर तर नाहीच. लातूरचे शिवराज पाटील १९८० नंतरची पहिली दोन वर्षे संरक्षण राज्यमंत्री होते, आणि डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला तो याच काळात. त्यातल्याच ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ पुढे मुंबईत बांधल्या गेल्या. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते. बुद्धीचीही वाण नाही. ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला शिकवले की जिल्हा कोणता यावर गुण ठरत नाहीत, नांदेडच्या शिकवण्यांत आज परजिल्ह्यांतली मुले येऊन राहतात. अंगमेहनतीचीही कमतरता नाही; पहाटे कोणत्याही रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. जी मुले धावतात ती शिपाईपदाची जाहिरात वाचतात, जी मुले भौतिकशास्त्र पक्के करतात ती फक्त नीट आणि जेईईकडे पाहतात, आणि अधिकारीपदाचा रस्ता या दोघांच्या मधून कुणाच्याही नजरेस न पडता निघून जातो. नौदलाची बारावीनंतरची बी.टेक. प्रवेशयोजना मुलांना जेईई मेनच्याच गुणवत्ता क्रमांकावरून मुलाखतीला बोलावते. भौतिक, रसायन, गणितात ७० टक्के लागतात. म्हणजे वेगळी परीक्षा नाही, वेगळी शिकवणी नाही. लातूरमध्ये त्यासाठीची तयारी रोजच चालू आहे.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पोहता न येण्याचा आक्षेप सर्वांत सोपा. पोहणे प्रबोधिनीत शिकवतात. इंग्रजीचा आणि पाच दिवसांच्या निवड मंडळाचा प्रश्न खरा आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांत पारंगत झालेला मुलगा गटचर्चेत गप्प बसतो, आणि आमच्या शिकवण्यांनी ते गप्प बसणे दोन वर्षे जोपासलेले असते. याचे उत्तर महाराष्ट्रात तयार आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना नेमके हेच शिकवते, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून. २०२२ पासून प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली आहेत. या संस्थांचे नाव किती घरांत निघते, हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारायला हवा.

सर्वांत अवघड आक्षेप आईचा असतो, आणि त्याला आकड्यांनी गप्प करू नये. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोटाने बुडाली आणि १८ जण गेले. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ‘सिंधुरत्न’वरच्या धुरात दोन तरुण अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ही सेवा धोक्याची आहे, हे लपवणारा माणूस मुलांची फसवणूक करतो. मात्र त्यानंतर बुडालेल्या बोटीतून माणसे काढणारी खास बचाववाहने २०१८ पासून आपल्याकडे आली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांना घेऊन जाणारी, विशाखापट्टणमलाच बांधलेली ‘निस्तार’ही नौदलात दाखल झाली. धोका पत्करायचा की नाही हे त्या मुलाने ठरवावे. पण ठरवण्याआधी तो रस्ता आहे एवढे तरी त्याला कळले पाहिजे.

राहता राहिला स्वभावाचा मुद्दा. कोंडलेली जागा, महिनाभर न दिसणारे ऊन, घरच्यांशी न होणारे बोलणे आणि मोजून मिळणारे पाणी हे मोकळ्या रानातल्या मुलाला झेपेल का? जुन्या पाणबुड्यांवर गोडे पाणी इतके तुटपुंजे असे, की अंघोळ ही चैन होती. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात शाळकरी असलेली मुले आज अधिकारी होण्याच्या वयाची आहेत, आणि एका घागरीत घर कसे चालवायचे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.