मना, आधार कोणता?

आज दासनवमी. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून रचलेले 205 श्लोक आज ठिकठिकाणच्या मठमंदिरांतून म्हटले जातील. मनाशी बोलावे लागते, ही गोष्टच मुळी विचार करण्याजोगी आहे. मन सांगेल ते सारे खरेच असते, तर त्याची समजूत घालण्याची गरज कोणास पडली असती?

आम्हांस ती उतारवयात पडली. दोन वर्षांमागे एका उत्सवात उत्तररंग ऐन भरात असता मोरोपंतांच्या आर्येचा उत्तरार्ध काही केल्या आठवेना. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. आम्ही साकी म्हणून वेळ निभावली. तेवढ्यात पुढे बसलेले चार तरुण उठून गेले. त्या रात्री मनाने निकाल दिला : ‘बुद्धी गेली. तुमचे कीर्तन आता कोणासही नको.’ पुढे सहा महिने आम्ही एकही आमंत्रण स्वीकारले नाही. झोप उडाली, अन्न गोड लागेना.

अखेर सूनबाईंच्या आग्रहास्तव एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वहीत तीन रकाने आखावयास सांगितले. पहिल्यात घडले ते, दुसऱ्यात मनात आले ते, तिसऱ्यात त्यास आधार कोणता ते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीचे हे साधन. खिन्न रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप उमटतात आणि न तपासताच खरे मानले जातात, हे त्यांनी हेरले.

वही भरताना आम्ही ओशाळलो. दोरीवर भासणाऱ्या सर्पाचा दृष्टान्त श्रोत्यांना चाळीस वर्षे सांगणारे आम्ही! पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्तींत प्रमाणाशेजारीच विपर्यय, म्हणजे मिथ्याज्ञान, बसविले आहे. दोन्ही एकाच चित्तात उठतात आणि उठताना सारखीच खरी वाटतात, हीच अडचण. तळ्यावरील धुक्यास धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान करावे, तसे आमचे झाले होते. चौघे उठले, हे प्रत्यक्ष. सर्वांना कीर्तन नकोसे झाले, हे अनुमान, आणि तेही सदोष; कारण आरतीपर्यंत बसून राहिलेला श्रोतृवृंद आम्ही मोजलाच नव्हता. ते चौघे का उठले, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कदाचित कंटाळलेही असतील.

कोणी या उपचारास योगसूत्रांतील प्रतिपक्षभावन म्हणतात. साम्य आहे खरे; पण ते सूत्र हिंसादी वितर्कांविषयी आहे, एवढे भान असावे. शिवाय कडू विचाराच्या जागी गोड विचार बसविणे म्हणजे उपचार नव्हे. ‘आमची स्मृती तल्लख आहे’ असे घोकले असते, तर ते दुसरे असत्य ठरले असते. आम्ही लिहिले : ‘स्मृती पूर्वीइतकी राहिली नाही. एक आर्या अर्धी राहिली. आख्यान पूर्ण झाले.’ हे लिहिल्यावर लगेच झोप आली असे नव्हे. वही तीन महिने चालली.

खिन्नता दाट असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वहीवर विसंबून राहू नये. वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. दुखऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनी दुखऱ्या मनासाठी लाजावे, हे आम्हांस पटत नाही. आम्ही स्वतः सहा महिने लाजलो, तरीही.

आज रात्री आमचे कीर्तन आहे. ती आर्या कागदावर उतरवून पेटीवाल्याजवळ दिली आहे.