अल्पभूधारकांसाठी कर्ज व अनुदान : योजना कशी पारखावी?

एखादी योजना जाहीर झाली की आपण प्रथम रक्कम किती ते विचारतो. त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : पैसा हातात केव्हा पडणार आणि त्यासाठी कोणता कागद लागणार? गरीब शेतकरी योजनेबाहेर राहतो तो बहुधा या दोन ठिकाणी.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सावकाराला त्याने वेसण घातली, परंतु पेरणीला पैसा दुसरीकडून कोठून आणायचा याची सोय केली नाही. ती व्हावी म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी कृषी बँकेची योजना मांडली, पण तिला लंडनहून मंजुरी मिळाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

आज पीक कर्जाची सोय आहे आणि ती चांगली आहे. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राच्या सवलतीने व्याज ४ टक्क्यांवर येते व डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात तेही भरावे लागत नाही. मात्र ‘मुदतीत’ हा शब्द विसरू नये. शिवाय ही सवलत प्रत्यक्षात बहुधा ७/१२ वर नाव असणाऱ्याला मिळते. वाट्याने जमीन कसणारा, किंवा नवऱ्याच्या नावावरील रानात राबणारी बाई यांच्याकडे तारण ठेवायला काय आहे?

अशांसाठी बचत गट ही वाट आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. खेड तालुक्यात राजगुरुनगरच्या ‘चैतन्य’ संस्थेने महिलांचे गट बांधले. पुणे शहरात १९९३ पासून अन्नपूर्णा परिवाराने भाजी विकणाऱ्या व घरकाम करणाऱ्या स्त्रियांना छोटी कर्जे दिली. येथे तारण जमिनीचे नसून एकमेकींच्या ओळखीचे असते. दहा ते वीस जणींनी ठरलेल्या दिवशी बैठक घ्यावी, बचत करावी, त्यातूनच आपसात कर्ज द्यावे व हिशेब त्याच बैठकीत लिहावा. सहा महिने असे नीट चालले की बँक बचतीच्या पटीत कर्ज देते. वाट्याने कसणाऱ्यांना चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट करता येतो. पण एकाचा हप्ता थकला तर तो सर्वांवर येतो, म्हणून सोबती पारखूनच घ्यावेत.

अनुदानाचे गणित वेगळे. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात अनुदान आधीच मिळे. कागदावर म्हैस आणि गोठा रिकामा, असे प्रकार तेव्हा पुष्कळ झाले. म्हणून १९९९ च्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत अनुदान बँकेत राखून ठेवून ते शेवटच्या हप्त्यांत वळते करण्याची पद्धत आली. लबाडीला आळा बसला, पण कर्जदाराने अनुदानाच्या रकमेवर व्याज भरू नये हा नियमही त्यातच होता. अशा योजनेत कर्ज घेताना शाखेत हे विचारून घ्यावे. न विचारल्यास कोणी आपणहून सांगेलच असे नाही.

ठिबक संचाचे उदाहरण घ्या. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेत ५५ टक्के अनुदान आहे, परंतु संच आधी स्वतःच्या पैशाने बसवावा लागतो व अनुदान नंतर खात्यावर येते. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याला ५५ टक्के काय नि ९० टक्के काय! आमच्या मते योजना आखणाऱ्यांनी टक्केवारी वाढविण्यापूर्वी हा मधला काळ भरून काढावा. तोवर आपण एवढे करावे : महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्याखेरीज खरेदी करू नये, बिल आपल्याच नावाचे घ्यावे आणि मधल्या काळापुरते कर्ज लागणार असेल तर सावकाराकडे जाण्याआधी विकास सोसायटीच्या सचिवाला किंवा गटाला विचारावे.