सटवाईचा लेख नव्हे, वाढीचा तक्ता!

मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पाटा-वरवंट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि जे लिहिले गेले ते आयुष्यभर मुकाट्याने भोगायचे! १९५६ नंतर आपल्या बहुतेक घरांतून सटवाई गेली. पण तिचा लेख मात्र अजून पुरता पुसला गेलेला नाही. पोर खुरटले की आजही आपण सहज बोलून जातो, 'आमच्या घराण्याची चणच बारीक.' पोर वारंवार आजारी पडले की म्हणतो, 'त्याच्या नशिबातच नाही बाळसं.' हा सटवाईचाच लेख आहे. फक्त आपण तिचे नाव घेत नाही, एवढेच.

आमच्या लेकीला नुकतेच एक वर्ष पूर्ण झाले. या वर्षात आम्ही दोघांनी जे पाहिले, ते कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. जन्मली तेव्हा पोरगी २ किलो ७०० ग्रॅमची होती, आज ८ किलो ४०० ग्रॅमची आहे. ४८ सेंटिमीटरची लांबी ७३ सेंटिमीटर झाली. वर्षभरात वजन तिप्पट आणि लांबी दीडपट! माणूस पुन्हा आयुष्यात कधी या वेगाने वाढत नाही. शेंगदाण्याचे पडलेले फोलपट ती आता अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अचूक उचलते. फडक्याखाली लपवलेली वाटी फडके ओढून शोधून काढते. दिसत नसली तरी वस्तू असते, हे तिला कळले आहे. चमचा दहा वेळा खाली टाकते आणि दहाही वेळा तो कुठे पडला ते वाकून बघते. आजूबाजूचे लोक याला खोडी म्हणतात. आम्ही याला प्रयोग म्हणतो. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः करून पाहणे, हा विज्ञाननिष्ठेचा पहिला धडा ती आपला आपणच गिरवते आहे.

सध्या ती खाटेचा कठडा धरून उभी राहते आणि दोन पावले टाकून मटकन बसते. शेजारच्या आजी रोज विचारतात, 'अजून चालत नाही का गं?' कोणी पायाला काळा दोरा बांधायला सांगते. आम्ही दोरा बांधला नाही. मूल आधाराशिवाय केव्हा चालू लागते, याचा अभ्यास झालेला आहे. निरोगी मुलांपैकी काही आठव्या महिन्यानंतर चालतात, काही जवळपास अठराव्या महिन्यापर्यंत वेळ घेतात, आणि दोन्ही ठीकच असते. रांगणे न करता थेट उभी राहणारी मुलेही असतात. अठरा महिने उलटूनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र दोरा नव्हे, डॉक्टर!

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. भारतातली मुले दिल्लीची होती. या मुलांना आईचे दूध, पुरेसा आहार, लसी आणि बिडी-सिगारेटच्या धुरापासून मुक्त घर मिळत होते. निष्कर्ष काय निघाला? सहाही देशांतली मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढली. गोऱ्या नॉर्वेचे मूल असो की काळ्या घानाचे, सरासरीत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. त्यावरूनच २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते तयार झाले, आणि आज अंगणवाडीत तेच वापरले जातात. एखादे मूल थोडे उंच, एखादे थोडे ठेंगणे, हे असणारच. पण एका अख्ख्या समाजाची मुले ठेंगणी असतील, तर ती 'चण' नव्हे. ती त्या समाजाला वाढून ठेवलेल्या ताटाची गोष्ट आहे.

आणि ताट कसे वाढले गेले ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात पाच वर्षांखालील शंभरपैकी पस्तीसहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. महाराष्ट्राचा आकडाही तेवढाच. पण हा आकडा जातवार फोडला की व्यवस्थेचे खरे रूप दिसते. अनुसूचित जातींमध्ये शंभरात सुमारे ३९, अनुसूचित जमातींमध्ये सुमारे ४१ आणि तथाकथित वरच्या गटात सुमारे ३०. म्हणजे ज्याला 'जात' या शब्दातले 'जा'सुद्धा उच्चारता येत नाही, त्याच्या हाडांपर्यंत जात पोहोचलेली असते! शाळेच्या दाखल्यावर ती नंतर लिहिली जाते.

हा फरक मुख्यतः आईच्या पोटात आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत पडतो. सहा महिन्यांनंतर नुसते दूध पुरत नाही. त्या काळात मुलाला घट्ट, ताकदीचे आणि वेगवेगळे अन्न लागते. याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. आपल्या घरांत काय होते? वरणाचे पाणी पाजतो आणि खालची डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. चहात बुडवलेले बिस्किट देतो, कारण पोर गप्प बसते. वर्षाच्या मुलाला घरातलेच सगळे चालते. मऊ भात-वरण, त्यावर चमचाभर तेल, कुस्करलेली भाकरी, अंडे, मासळीचा काटे काढलेला तुकडा, शेंगदाण्याचे बारीक कूट. दिवसातून तीन-चार वेळा, आणि सोबत आईचे दूध. यात महागडा डबा कुठेच नाही.

पण येथे थांबून 'आई अडाणी' असा शिक्का मारणाऱ्यांना आम्ही विचारू इच्छितो, दिवसातून चार वेळा भरवायला त्या आईला वेळ कोणी ठेवला आहे? पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी, चार घरची धुणी-भांडी करणारी, ऊसतोडीला जाणारी आई पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देते, तेव्हा ती हौसेने देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेब आणि माता रमाई यांची पाचपैकी चार अपत्ये बालपणीच गेली होती. लाडका राजरत्न १९२६ मध्ये गेला, त्याला दोनच वर्षे झाली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पण ती नोंदणीकृत आस्थापनेतल्या नोकरदार बाईला. उसाच्या फडातल्या आईच्या रजेचे काय? तिचे मूल फडावर, आणि त्याच्या नावाची अंगणवाडी मागे गावात!

अंगणवाडी ही सरकारची मेहेरबानी नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला की नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा, आणि सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा मोफत आहार हा हक्क झाला. तेव्हा आपल्या गावची अंगणवाडी पाटलाच्या वाड्यापासून किती पावलांवर आहे आणि आपल्या वस्तीपासून किती, हे मोजून पाहा. सेविकेवर डाफरू नका. तिला आजही पगार नाही, मानधनच आहे. तिच्याशी बोला, तिला साथ द्या. दर महिन्याला मुलाचे वजन घ्या. लांबी आडवे झोपवून मोजून घ्या. ती नोंद तक्त्यावर स्वतः वाचा. रेघ वर चालली आहे, आडवी झाली आहे की खाली उतरते आहे, एवढे कळायला पदवी लागत नाही. रेघ आडवी झाली, तर त्याच महिन्यात कारण शोधा. आणि हे काम एकट्या आईवर टाकू नका. बापाने पोर काखेत घेऊन अंगणवाडीत गेल्याने त्याची मिशी खाली येत नाही.

समाजबांधवहो, आपण दहावीचे निकाल मोजतो, नोकऱ्यांचा अनुशेष मोजतो, निवडून आलेले सदस्य मोजतो. ते मोजलेच पाहिजे. पण शिकायचे, संघटित व्हायचे आणि संघर्ष करायचा तो ज्या मेंदूने आणि ज्या पायांनी, ते पहिल्या दोन वर्षांत किती वाढले, हे कोण मोजणार? जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्याच्या काही भागात एक चांगला वजनकाटा आणि लांबी मोजायची फळी येते. ती दर पौर्णिमेला विहारात मांडा. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे नाव, वजन आणि लांबी वहीत लिहा. ज्यांची रेघ खाली उतरली त्यांची यादी घेऊन पंचायत समितीवर जा. त्या कार्यालयात आजवर आपण रस्त्यासाठी गेलो, स्मशानभूमीसाठी गेलो. आता एक मोर्चा चालता न येणाऱ्यांसाठीही निघाला पाहिजे.