दिवाळीच्या सुट्टीत मॅरेथॉनचा सराव बुडतो का?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि दिवाळी त्याआधी दोन-तीन महिने. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची तयारी ऐन भरात आलेली असते, तेव्हाच गावाची ओढ लागते. पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणारे काहीजण गावी जाणंच रद्द करतात, काही जातात पण चार दिवस त्यांचं मन खात राहतं. दोन्हींची गरज नाही.

सगळ्यात मोठी भीती असते ती ‘आठवडाभर खंड पडला की मेहनत पाण्यात’ ही. खंड पडल्यावर आधी घटतो तो रक्तातला प्लाझ्मा. म्हणून परतल्यावर पहिल्या दिवशी नाडी धडधडते, दम लवकर लागतो आणि सगळं संपलं असं वाटतं. पुन्हा धावू लागलं की काही दिवसांत तो भरून येतो. एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून मोजमाप केलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली. स्नायूंतलं केशवाहिन्यांचं जाळं मात्र बारा आठवड्यांनंतरही शाबूत होतं. सहा दिवसांच्या सुट्टीला घाबरण्यासारखं यात काहीच नाही.

‘रोज थोडं संथ धावलं की पुरे’ हाही गैरसमजच. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत आठवड्यातले सहा दिवस दोनवर आणले तरी क्षमता टिकली. वेग आणि जोर कमी केला तेव्हा ती घसरली. म्हणून गावी दोनदाच धावा, पण त्यातलं एक धावणं दमवणारं असू द्या. हे प्रयोग मॅरेथॉनपटूंवर झालेले नव्हते, तेव्हा लाँग रनला त्यातून कायमची सुट्टी मिळत नाही.

कोकणात गेलेल्यांना किनारा खुणावतो. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे दीडपट ऊर्जा लागते, म्हणून तिथला व्यायाम जास्त गुणकारी असं मानतात. पण पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताणही तितकाच वाढतो, आणि किनारा उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण निवडा, जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या, आणि बूट काढू नका. महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथली उंची सुमारे १३५० मीटर आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला साधारण २००० मीटरच्या वर काही आठवडे राहावं लागतं. तिथली थंड हवा आणि चढ यांचा आनंद मात्र जरूर घ्या.

फराळाने ‘साठा’ होतो, हेही खरं नाही. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे धावण्यासाठी साठवलेलं इंधन, साधारण अर्धा किलोच मावतं. ते भरायचं असतं शर्यतीच्या आधीच्या दोन दिवसांत. चकली, अनारसे आवडतात म्हणून खा.

खरा धोका पुढे आहे. भाऊबीज आटोपून परतल्यावर बुडालेले किलोमीटर भरून काढायचे म्हणून लोक एकाच आठवड्यात दोन लाँग रन करतात. हृदय आणि फुप्फुसं लवकर सावरतात, पण हाडं आणि स्नायूबंध भार पेलायला सावकाश तयार होतात. नडगीची दुखणी आणि गुडघ्याच्या तक्रारी इथूनच सुरू होतात, आणि मग जी सुट्टी घ्यावी लागते ती आठवड्यांची असते. बुडालेला लाँग रन बुडाला, तो सोडून द्या. सुट्टीआधी २४ किलोमीटर झाले असतील, तर परतल्यावर पुन्हा २४च धावा, मग पुढची पायरी.

यंदा गावी जा, बूट पिशवीत टाका. दोन पहाटा धावायला ठेवा, बाकीच्या घरच्यांना द्या.