बोर्ड वाचता येईना, म्हणून पंढरपूर राहिले

कार्तिकीच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एक आक्का सकाळी सातला बसस्टँडवर गेल्या. वय बहात्तर. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली होती. ते असेपर्यंत वर्षातून एकदा पंढरपूर ठरलेले असे. या खेपेस एकटीनेच जायचे असे त्यांनी मनाशी धरले. निपाणीला जायचे, तिथून कोल्हापूर, कोल्हापुरात पंढरपूरची गाडी. वाट पाठ होती. पिशवीत चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचे औषध आणि आधार कार्ड.

स्टँडवर तीन गाड्या उभ्या होत्या. तिन्हींचे बोर्ड कन्नडमध्ये. एका पोराला विचारले, त्याने घाईत हात केला, आक्का त्या गाडीत चढल्या. गाडी निघाली ती भलत्याच वाटेने. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा चूक कळली. तो कन्नडमध्ये काय बोलला हे आक्कांना समजले नाही, पण आवाज समजला. गाडीतले चौघे हसले. पुढच्या थांब्यावर त्यांना उतरवले. तिथून रिक्षा करून त्या घरी आल्या आणि पिशवीतल्या भाकऱ्या घरीच खाल्ल्या.

आम्हाला हे कळले ते महिनाभराने. आक्का म्हणाल्या, "गुरुजी, वाट चुकली त्याचं काय न्हाई. पण चार माणसांत मी आडाणी ठरले, ते लागलं मनाला. आता न्हाई जायची कुठं."

या आक्का अडाणी नाहीत. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत. सकाळी पोथी वाचतात, दुपारी वर्तमानपत्र वाचतात, त्यातली निधनवार्ता आधी वाचतात. म्हणजे घरात त्या साक्षर आहेत आणि स्टँडवर पाऊल टाकले की निरक्षर होतात. सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर आपण ठराव करतो, मोर्चे काढतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. पण म्हाताऱ्या माणसाच्या पायात हा प्रश्न कसा अडकतो, याकडे आमचेही लक्ष उशिरा गेले. म्हणून हा लेख.

यात्रा हेच त्यांचे पर्यटन

आपल्या खेड्यांतली वडीलधारी माणसे 'पर्यटन' हा शब्द वापरत नाहीत. ती यात्रेला जातात, लेकीकडे जातात, भावकीतल्या लग्नाला जातात. त्यांचे वर्ष या फेऱ्यांनी बांधलेले असते. चैत्रात जोतिबा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा. जमले तर आळंदी, जमले तर तुळजापूर. जोतिबा आणि पंढरपूर सीमेच्या त्या बाजूला, सौंदत्ती या बाजूला. देवांनी सीमा पाळलेली नाही. खुद्द विठ्ठलाला आपल्या संतांनी कानडा म्हटले आहे.

पूर्वी माणसे जथ्याने जात. गल्लीतली दहा-पंधरा घरे मिळून निघत, त्यात एकदोघे दोन्ही भाषा जाणणारे असत. ते पुढे आणि बाकीचे मागे. आता तो जथा मोडला. मुले पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला नोकरीला गेली. बरोबरीची माणसे एकेक करून गेली. मागे राहिली ती एकेकटी, आणि त्यांत बायका जास्त. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींच्या वर होती. त्यांतली किती घराबाहेर पडतात आणि किती उंबऱ्यात बसून राहतात, हे मात्र कोणी मोजत नाही.

पैशाची अडचण कमी झाली

न्यायाने बोलायचे तर तिकिटाची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवास आहे. धर्मस्थळासारख्या क्षेत्रांत त्यानंतर बायकांची गर्दी वाढली. साठीवरच्या पुरुषांना कर्नाटकच्या गाडीत २५ टक्के सवलत आहे. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरीपुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट.

पण सीमेवरच्या माणसाचे दुर्दैव असे की प्रत्येक सवलत आपापल्या हद्दीत थांबते. निपाणीपर्यंत एक हिशेब, कागलपासून दुसरा. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे आणि शक्तीचे शून्य तिकीट पंढरपूरपर्यंत पोचत नाही. कोणत्या ओळखपत्रावर काय मिळते, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते. रेल्वेत ज्येष्ठांना पुरुषांसाठी ४० आणि महिलांसाठी ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी थांबली ती थांबलीच. खालच्या बर्थचा कोटा तेवढा राहिला आहे.

आणि कधी कधी गाडीच नसते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादाच्या तणावाने दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या बंद पडल्या होत्या. तरुण माणूस अशा वेळी मोटारसायकल काढतो. म्हातारे माणूस काय काढणार?

प्रश्न लिपीचा आहे

पैसा बाजूला झाल्यावर जी अडचण उघडी पडली ती लिपीची. आम्ही दोनतीन गावांत पारावर, देवळात बसून वडीलधाऱ्यांना विचारले, "कुठे जाऊन आलात?" पहिले उत्तर गुडघ्याचे आले, दुसरे सोबतीचे. जरा वेळ बसल्यावर तिसरे आले, तेही हळू आवाजात: "बोर्ड वाचाय येत न्हाई, आणि सारखं इचाराय लाज वाटती."

यांत ऐंशी ओलांडलेली माणसे अशी आहेत की ज्यांनी पहिलीची अक्षरे मुंबई राज्यात गिरवली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ती पाटी-पेन्सिल घेऊन मराठी शाळेत बसलेली होती. त्यांनी गाव सोडले नाही, घर सोडले नाही. फलक बदलला.

गंमत अशी की हीच माणसे रेल्वेत चुकत नाहीत. बेळगाव स्टेशनवर नाव तीन भाषांत आहे, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. हिंदी देवनागरीत असल्यामुळे आपल्या माणसाला ते वाचता येते. मिरजेकडे जाताना घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार ही नावे खिडकीतून एकेक करून लागतात आणि आजोबा बोटावर मोजत बसतात. मिरजेहून पंढरपूरला गाडी आहे. बार्शी लाइटचा तो जुना छोट्या मापाचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. म्हणजे त्याच जिल्ह्यातून, त्याच माणसाला, रेल्वेने जाता येते आणि बसने जाता येत नाही. फरक देवनागरीच्या एका ओळीचा आहे. त्या ओळीने रेल्वेचे काही बिघडले नाही, आणि कन्नडचे तर मुळीच नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कन्नड माणसे आहेत. एसटीच्या पाट्या मराठीत असतात आणि आकडेही देवनागरीत. तिथल्या कन्नड आजीची सोलापूरच्या स्टँडवर तीच गत होते जी आपल्या आक्कांची झाली. आपण इथे जे मागतो ते तिथे त्यांना मिळावे, असे म्हणण्याची आपली तयारी हवी. ती नसेल तर आपल्या मागणीला वजन नाही.

मागणी नवी नाही

काहींना वाटेल, हा लाड आहे. तसे नाही. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३५०-ब आले आणि १९५७ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमले गेले. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे सर्वमान्य झालेल्या संरक्षणांत आहे. बसचा बोर्ड ही म्हाताऱ्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. म्हणून अर्ज मराठीत द्यायला कोणी कचरू नये. पोच मात्र घ्यावी.

आमची मागणी साधी आहे. कन्नड वर राहू दे, मोठी राहू दे. खाली देवनागरीत गावाचे नाव लिहा. सगळ्या गाड्यांवर जमत नसेल तर निदान स्टँडवरच्या फलाटांवर लिहा. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेल्या दाव्याच्या निकालाची वाट पाहत थांबण्यासारखा नाही. निकाल कधी का लागेना, बहात्तरीच्या माणसाकडे तेवढी वर्षे नाहीत.

बाकीच्या अडचणी

सगळे खापर बोर्डावर फोडणेही बरोबर नाही. गाडीची पहिली पायरी इतकी उंच असते की गुडघे धरलेल्या बाईला कोणीतरी वर ओढावे लागते. लघवीची सोय हा तर बोलायचा संकोच वाटणारा विषय. साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार असणाऱ्यांना पुनःपुन्हा जावे लागते. मग बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात. आमची विनंती आहे, असे करू नका. उन्हाच्या दिवसांत ते जिवावर बेतते. दूरचा प्रवास तुकड्यांत करावा, मधल्या मोठ्या स्टँडवर उतरून मोकळे व्हावे आणि पुढची गाडी धरावी. गोळ्या पिशवीत खाली नकोत, कमरेच्या बटव्यात हव्यात.

घरच्यांचाही एक भाग आहे. "या वयात कुठं जातीस? टीव्हीवर दर्शन घे," असे मुले म्हणतात. काळजीपोटी म्हणतात हे खरे, पण ऐकणाऱ्याला ते घरात कोंडल्यासारखे वाटते. विधवा बाईने एकटीने निघावे की नाही, यावर अजून शेजारपाजारची चर्चा होते. तिला बोर्ड वाचता आला तरी ही चर्चा ओलांडायची असते.

आपल्या हातातले

सरकारने करायचे ते सरकार करील तेव्हा करील. आमच्या शाळेत आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली. आपली मुले मराठी माध्यमात शिकतात आणि शाळेत कन्नडही शिकतात. त्यांना आम्ही सांगितले, घरातल्या आजी-आजोबांसाठी एक कार्ड करा. एका बाजूला नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट आणि चालू औषधे, मराठीत आणि कन्नडमध्ये. दुसऱ्या बाजूला त्यांना नेहमी जावे लागते अशा आठ-दहा गावांची नावे, आधी देवनागरीत, समोर कन्नडमध्ये. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, सौंदत्ती, गोकाक. हे कार्ड बोर्डाशी ताडून पाहायचे. अक्षर वाचायचे नाही, ओळखायचे, जशी आपण माणसे चेहऱ्यावरून ओळखतो.

पहिल्या आठवड्यात एका मुलाने येऊन सांगितले, "सर, आजोबांना 'निपाणी' ओळखू येतंय आता." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हाला वाटले, कन्नड शिकण्याचे याहून चांगले कारण कोणत्याही पुस्तकात नाही. भाषा लादली की माणूस बिथरतो आणि उपयोगी पडली की जवळ करतो, हे राज्यकर्त्यांनी या पोराकडून शिकावे.

याशिवाय गावोगावच्या भजनी मंडळांनी आणि महिला मंडळांनी महिन्याची एक तारीख ठरवून जथा पुन्हा बांधावा. दोन्ही भाषा जाणणारा एक तरुण बरोबर द्यावा. त्याचे तिकीट मंडळाने काढावे.

आक्कांचे कार्ड त्यांच्या नातीने केले आहे. परवा आम्ही घरी गेलो तेव्हा ते देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवलेले होते. आम्ही विचारले, "मग आक्का, माघीला?" त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बघू. पोरगी स्टँडपातूर येतो म्हणतीया."

नात स्टँडपर्यंत जाईल. पुढचे एक ओळीचे काम ज्यांचे आहे, त्यांनी ते करावे.