सोवळ्यातील द्राक्षासव आणि बेदाण्यांचे पाणी

चैत्राच्या तोंडावर नांदेड-लातूरच्या बाजारात काळ्या द्राक्षांच्या पाट्या लागतात. याच सुमारास, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास, यहुदी लोकांचा वल्हांडण सण येतो. त्या रात्री प्रत्येक यहुदी घरात मंत्रपूर्वक द्राक्षासवाचे चार प्याले घेतले जातात. कीर्तनकाराने मद्याविषयी लिहावे, हे पाहून सुज्ञ वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु आमचा विषय मद्यपान नव्हे. आमचा विषय सोवळे हा आहे.

यहुदी धर्मनियमांस उतरलेल्या अन्नपानास ‘कोशेर’ म्हणतात. ‘योग्य’ हाच त्या शब्दाचा अर्थ. कोशेर लाल वाइनचे सोवळे द्राक्षवेलीपासूनच सुरू होते. वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळे घ्यावयाची नाहीत. इस्राएलच्या भूमीत दर सातव्या वर्षी मळ्यास विश्रांती द्यावयाची. अखंड द्राक्षास स्पर्शाचा दोष नाही. मात्र द्राक्षे चिरडून रस सुटला, की बाटली बंद होईपर्यंत शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्याशिवाय कोणाचाही हात त्यास लागता कामा नये. मद्यशाळेचा मुख्य जाणकार अन्यधर्मी असला, तर त्याने दूर उभे राहून सूचना द्याव्यात. वाइन निवळण्यासाठी प्राण्यांच्या हाडाकातड्यांचे सरस वर्ज्य. त्याऐवजी एक प्रकारची बारीक माती वापरतात.

बाकी कृती अन्य लाल वाइनसारखीच. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवितात. रंग आणि तुरटपणा सालींतून उतरतो. साली जितक्या मुरतील, तितके पेय भरदार होते. पुढे ते ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरते. पॅरिसचे धनिक एडमंड द रोथशिल्ड यांनी १८८२ नंतर पॅलेस्टाइनमधील यहुदी वसाहतींना आधार दिला, फ्रान्सच्या द्राक्षजाती तेथे लावविल्या आणि रिशोन लेत्सियोन व झिख्रोन याकोव येथे मोठी तळघरे उभारली. आजच्या इस्राएली वाइन-उद्योगाचा पाया तो.

स्पर्शाचा हा नियम का? परदेवतेस अर्पिलेले मद्य पोटात जाऊ नये, हे मूळ कारण. आणि प्याल्याच्या संगतीतून परधर्मीयांशी सोयरिकी जुळू नयेत, हे मागाहूनचे. आम्हा मूर्तिपूजकांना यात रुसण्याचे कारण नाही. नैवेद्याच्या ताटाला कोणाचा हात लागावा, याचे आमचेही नियम होतेच.

आता आपल्या घरची गोष्ट. कोकणात अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात शतकानुशतके बेने इस्राएल समाज राहिला. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मातृभाषा मराठी. १८८० च्या सुमारास या समाजाने आमच्याच नारदीय पद्धतीवर मराठी कीर्तने सुरू केली आणि अब्राहाम-मोशेची आख्याने रंगविली. आम्हा कीर्तनकारांना ही आठवण अभिमानाची वाटते.

या लोकांना शास्त्रशुद्ध वाइन कोठून मिळावी? बाजारचे मद्य त्यांनी पूजेस घेतले नाही. काळे बेदाणे धुऊन पाण्यात भिजत घालावेत, कुस्करावेत, गाळावेत आणि ते सरबत चांदीच्या प्याल्यात ओतून शुक्रवारच्या सायंकाळी ‘किद्दूश’ म्हणावे, असा परिपाठ त्यांनी ठेवला. भरदार पण अयोग्य पेयापेक्षा साधे पण योग्य पेय त्यांनी पत्करले.

पण या कथेचा उत्तररंग कडवट आहे. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली आणि विवाहांत अडथळे आणले. समाजाने धरणे धरले. अखेर १९६४ साली तेथील संसदेत ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा मिळाला. पुढे २०१८ साली तेथील एका मद्यशाळेत इथिओपियाहून आलेल्या यहुदी कामगारांना वाइनपासून दूर ठेवल्याचे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. शब्बाथ पाळणारे हातही केवळ वंशाच्या शंकेने बाजूला सारले गेले होते.

वाचकहो, परक्या देशाकडे बोट दाखविणे सोपे आहे. आमच्या मराठवाड्यातच, पैठणास, नाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, ही कथा आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. श्रोते माना डोलावतात. घरी परतल्यावर देवघराच्या उंबऱ्यावर कोणाला थांबवायचे, ते पूर्ववतच राहते. आचाराचे सोवळे आम्हांस प्रिय आहे, ते राहावे. परंतु ते हाताची स्वच्छता आणि मनाचा संयम पाहणारे असावे. हाताचे कुळ विचारणारे नसावे.

या सणास शिऱ्यासाठी बेदाणे निवडताना कोकणातील त्या चांदीच्या प्याल्याचे स्मरण व्हावे. आणि प्रसाद वाटताना पुढे आलेल्या प्रत्येक ओंजळीत तो सारख्याच आदराने पडावा, एवढीच आमची प्रार्थना.